तिच्या बाजूचं मैदान

विश्वेश्वरराव म्हणजे दुरुस्तीचा माणूस. बंगळूरजवळच्या पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत अडतीस वर्षं त्यांनी छोटं वर्कशॉप चालवलं, लोकांच्या बिघडलेल्या मशीनचे सुटे भाग घडवून दिले, आणि त्या अडतीस वर्षांत त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. जे जे बिघडतं त्यात कुठंतरी एक झिजलेला भाग असतो. तो शोधायचा, बदलायचा, की मशीन पुन्हा चालू. वर्कशॉप विकून झालं, वयाची बहात्तर पुरी झाली, तरी ही खोड काही गेली नाही. बसवनगुडीतल्या घरातला एक नळ गळत नव्हता, एक दार करकरत नव्हतं. नात्यातल्या कुणाचा मिक्सर बंद पडला तर तो आधी त्यांच्याकडे यायचा आणि मग पाहुणे.

बायकोच्या डोक्यापुढं मात्र त्यांनी हात टेकले होते. ते काही खोलून बघता येत नव्हतं.

महानंदाला विसर पडायला लागून चार वर्षं झाली होती. आधी गॅसवरचं दूध, मग गांधी बझारातून घरी यायचा रस्ता, मग मुलीचं नाव. लग्नापासून ती नवऱ्याला इकडच्या कन्नड बायकांसारखं 'री' म्हणून हाक मारायची. "री, जेवायला या", "री, चष्मा डोक्यावरच आहे." ती हाक एक दिवस बंद झाली. आता सकाळी ती त्यांना अण्णा म्हणायची. तिला वाटायचं हा आपला थोरला भाऊ. तो जाऊन वीस वर्षं झाली होती. दुपारी तर ती त्यांना बँकेतला कुणी साहेब समजून पाणी आणून द्यायची आणि पदर सावरून लांब उभी राहायची. माणसानं आपल्याच घरात पाहुणा म्हणून पाणी प्यावं, यापेक्षा वाईट काय असतं ते विश्वेश्वररावांना अजून ठाऊक नव्हतं. पुढं कळणार होतं.

पण संध्याकाळचे पाच त्यांचे होते.

घरामागं चाळीस फूट लांब आणि तेवढीच रुंद मोकळी जागा होती. तिथं बॉल बॅडमिंटनचं मैदान होतं, तेही अर्धंच. पिवळ्या लोकरीचा चेंडू, लाकडी बॅट, एका बाजूला पाच जणी, असा तो खेळ. लग्नाआधी महानंदा राज्याच्या संघात मधल्या जागी खेळायची. विश्वेश्वर तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मैदानाच्या कडेला बसून गुण लिहायचा. म्हणजे लिहायचं काम त्याचं होतं. एका फायनलला तो पोरीकडं बघत बसला आणि दोन गुण लिहायचेच राहिले. तिनं वळून विचारलं, "काय स्कोरर, किती झाले?" त्याची बोबडी वळली. तोंडाला आलं ते त्यानं सांगून टाकलं, "सत्तावीस–चोवीस. सर्व्हिस तुझी." ते बरोबर निघालं म्हणून लग्न झालं, असं घरात चाळीस वर्षं गमतीनं सांगितलं जायचं.

लग्नानंतर सासूबाईंनी सुनेला बॅट घेऊन बाहेर पडू दिलं नाही. शहाजीराजांच्या काळात या मुलखात आलेलं घराणं, त्यातल्या सुनेनं चारचौघांत उड्या मारायच्या म्हणजे काय! विश्वेश्वर आईशी भांडला नाही. तो हेब्बाळच्या पुढं गेला. तिथं तेव्हा शेतं होती आणि शेतांत वारुळं होती. वारुळाची माती मऊ असते, पाण्यानं बसते आणि दाबली की तिला तडा जात नाही. तशा मातीचे अकरा ट्रॅक्टर त्यानं आणले, परसात पसरले, वर रूळ फिरवला. पूर्ण मैदान मावत नव्हतं, म्हणून फक्त तिची बाजू केली. नेटच्या पलीकडं लगेच कंपाउंडची भिंत. ती भिंतीवर चेंडू मारायची, भिंत परत द्यायची, आणि हा नारळाच्या बुंध्याशी लोखंडी खुर्ची टाकून गुण मोजायचा.

तेच मैदान आता महानंदाला धरून होतं. बाकी सगळं सुटलं, पण पाच वाजले की तिचे पाय आपोआप मागच्या दाराकडं वळायचे. ती झाडून घ्यायची, झारीनं पाणी शिंपायची. मग खाली बसून तळहात मातीवर दाबायची. हाताला माती लागली तर अजून थांबायचं. ठसा उमटला आणि हात कोरडा निघाला, की माती तयार. मग दोरी ताणून, तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुना सांडत ती रेघा मारायची. अर्धा तास जायचा. सगळं झालं की बॅट हातात घेऊन मधल्या जागेवर उभी राहायची, खुर्चीकडं बघायची आणि म्हणायची, "काय स्कोरर, किती झाले?"

"सत्तावीस–चोवीस. सर्व्हिस तुझी."

ती हसायची. ते हसू अण्णाला नव्हतं, बँकेतल्या साहेबाला नव्हतं. ते विश्वेश्वरला होतं. चार-पाच चेंडू भिंतीवर मारून ती दमायची आणि आत गेली की पुन्हा सगळं पुसलेलं. पण तेवढ्यावर त्यांचे उरलेले तेवीस तास निघायचे.

मग गेल्या पावसाळ्यात ती घसरली. एकदा पाणी शिंपून झालेलं विसरायची, पुन्हा शिंपायची, मग तिसऱ्यांदा. माती चिखल झाली आणि पाय सरकला. मनगटाला महिनाभर प्लास्टर. त्यानंतर रेघा वाकड्या जायला लागल्या. वाकडी रेघ तिला दिसायची, पण सरळ करता यायची नाही. मग ती चुन्याचा डबा मांडीवर घेऊन तिथंच रडत बसायची. ते रडणं विश्वेश्वररावांना बघवेना.

मुलगी रक्षिता हेब्बाळला चौदाव्या मजल्यावर राहायची. बापानं जिथून माती आणली तिथं आता तिच्या ऑफिसच्या काचेच्या इमारती होत्या. रविवारी येऊन ती म्हणाली, "अप्पा, बंद करून टाकू ना ते. टाइल्स घालू. अम्मा परत पडली तर हिप जाईल."

"बंद कशाला करायचं?" विश्वेश्वरराव म्हणाले. "तिला खेळायचंय. खेळू दे. त्रास कशाचा होतोय? पाण्याचा, चुन्याचा, रेघांचा. तेवढा काढायचा."

"डॉक्टर म्हणालेत, रोजचं काही बदलू नका."

"रोजचं काय बदलतंय? तीच जागा, तोच चेंडू, तीच खुर्ची. नुसता वरचा थर बदलायचा."

झिजलेला भाग त्यांना सापडला होता. तो मातीचा होता असं त्यांना वाटलं. अडतीस वर्षांत त्यांचं निदान क्वचित चुकलं असेल. ते सगळं चुकायचं या एका दिवसासाठी शिल्लक राहिलं होतं.

कृत्रिम गवत बसवणारा परसू मूळचा खानापूरचा. मराठी ऐकून खूश झाला. फुटपट्टीएवढा गवताचा तुकडा त्यानं पुढं केला. विश्वेश्वररावांनी तो उलटा करून पाहिला, शिवण ओढून पाहिली, काडी नखानं वाकवून पाहिली.

"पाणी साठत न्हाई, चिखल न्हाई, घसरत न्हाई," परसू म्हणाला. "आन् रेघा तर बगा काका, पांढऱ्या गवताच्याच बसवतो. कापून, खालनं चिकटवून. जन्मात हलायच्या न्हाईत."

जन्मात न हलणाऱ्या रेघा! विश्वेश्वररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. यापुढं ती रेघेसाठी रडणार नव्हती.

महानंदाला धुळीचा त्रास नको म्हणून त्यांनी तिला रक्षिताकडं पाठवायचं ठरवलं. तिला अचानक आणून दाखवायचं, अशी त्यांची हौस. लग्नानंतर मैदान दाखवलं होतं तेव्हाही तिचे डोळे हातानं झाकूनच नेलं होतं.

काम सुरू व्हायच्या सकाळी त्यांनी रीतसर गुद्दली पूजा केली. इथं पायाला कुदळ लावायची तर आधी कुदळीला हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो. तिला न्यायला रक्षिता अजून यायची होती, म्हणून महानंदा तिथंच होती. तिनं कुदळीला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. सगळं शिस्तीत. विश्वेश्वररावांनी पहिला घाव घालायला कुदळ उचलली, तेव्हा ती एकदम पुढं झाली.

"अय्यो, तिथं नको. ती सर्व्हिसची जागा आहे."

"स्वल्प थांब महानंदा," ते हसून म्हणाले. "तुझ्यासाठीच आहे हे." आणि त्यांनी घाव घातला.

दुपारपर्यंत अर्धा फूट खणून झालं. मातीचा ढीग कंपाउंडच्या उंचीला लागला. परसूनं ढेकूळ उचललं, हातात चुरलं, वास घेतला.

"काका, ही कुठली माती वो? अशी माती आता मिळत न्हाई बगा. आमच्या आज्यानं तालमीत घातलेली अशी. ठेवायची काय कोपऱ्यात?"

विश्वेश्वरराव क्षणभर ढिगाकडं बघत राहिले. कोपऱ्यात ठेवली की पावसात वाहून गवतावर येणार, नवं काम खराब होणार. इंजिनियर माणूस.

"सरी, बरं, घेऊन जा," ते म्हणाले. "मला नको."

बारा दिवस काम चाललं. इकडं जल्ली म्हणतात ती जाड खडी पडली, तिच्यावर बारीक, तिच्यावर दगडाची भुकटी, मशीननं सगळं दाबून थाळीसारखं सपाट झालं. गवताचे गुंडाळे उलगडले. सगळी लव एकाच दिशेनं यायला हवी, नाहीतर एक पट्टा गडद दिसतो, म्हणून विश्वेश्वरराव स्वतः गुडघ्यांवर बसून प्रत्येक पट्टा तपासायचे. पांढऱ्या रेघा बसल्या. त्यांनी त्या मेजर टेपनं मोजल्या. सुतानंही चूक नव्हती. त्या रात्री त्यांना कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली, आणि त्याची लाज त्यांना पुढं जन्मभर वाटायची होती.

तेराव्या दिवशी पाचला दहा मिनिटं असताना रक्षिता तिला घेऊन आली. विश्वेश्वररावांनी मागचं दार उघडलं, तिचे डोळे हातानं झाकले, पायरीपर्यंत नेलं आणि हात काढले.

महानंदा बघत राहिली. हिरवंगार, करकरीत, रेघा दुधासारख्या. तिनं एक पाय पुढं केला आणि मागं घेतला. मग आजूबाजूला बघितलं. झारी कुठं दिसली नाही. झाडूही नव्हता. करायचं काहीच नव्हतं.

ते खुर्चीवर जाऊन बसले. बॅट त्यांनीच तिच्या हातात दिली होती. "चल महानंदा. विचार ना, किती झाले?"

"छान आहे हो तुमचं घर," ती म्हणाली. "आम्ही निघतो आता. आमच्याकडं पाच वाजता काम असतं."

त्या दिवसापासून पाच वाजले की ती पुढच्या दाराशी जाऊन उभी राहायची. "मला घरी सोडा. माती वाळून जाईल." कुलूप लावलं तर कडी वाजवायची. एकदा कुलूप राहिलं आणि ती बुल टेंपलच्या चढापर्यंत गेली. फुलवाल्या बाईनं ओळखून परत आणलं. विश्वेश्वरराव रोज तिला हाताला धरून मागं न्यायचे, खुर्चीवर बसायचे, सत्तावीस–चोवीस, सत्तावीस–चोवीस म्हणायचे. ती पायरी उतरायची नाही. मग मध्येच कधीतरी ती दाराशी जायचीही थांबली. पाच वाजायचे, सहा वाजायचे, ती पलंगावर बसून पदराची दशी ओढत असायची. रक्षिताला वाटलं, चला, अम्मा शांत झाली.

विश्वेश्वररावांना तेव्हा कळलं. खेळ तिच्यात उरलाच नव्हता, कधीचाच. उरलं होतं ते काम. झारी, तळहात, दोरी, चुना. त्या कामाच्या वाटेनं ती रोज अर्धा तास चालत त्यांच्यापर्यंत यायची, आणि त्यांनी वाट उचलून फेकून दिली होती. तिचा त्रास वाचावा म्हणून. एवढं साधं त्यांना कळलं नाही, आणि याला लोक शहाणा माणूस म्हणायचे. त्यांनी न्हाणीघरात नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून टॉवेल तोंडात धरून रडून घेतलं.

परसूला फोन केला. "ती माती कुठं टाकलीस?"

"काका, ती तवाच गेली की. एका साइटच्या पायात भरली. आता वर स्लॅब पडला बगा." मग त्यानंच विचारलं, "काय झालं वो?"

विश्वेश्वररावांनी त्याला सगळं सांगितलं. परक्या माणसाला इतकं कधी सांगितलं नव्हतं. परसूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माजा भाऊ गावी हाय. शिवारात वारुळं हायत अजून. बगतो."

आठ दिवसांनी परसू पिकअपमधून माती घेऊन आला. तोवर विश्वेश्वररावांनी धारदार पात्यानं गवत कापून काढलं होतं. शेवटची रेघ ते मधली जागा, तेवढा पट्टा. खालची जल्ली मशीननं दाबलेली, पहारीला दाद देईना. परसूच्या माणसांना त्यांनी हात लावू दिला नाही. चार दिवस ते एकटेच खणत होते. तळहाताची सालं निघाली. रक्षितानं डोक्यावर हात मारून घेतला, पण त्यांचा चेहरा बघून ती पुढं काही बोलली नाही. खड्डा मातीनं भरला, पाणी घातलं, ठोकलं, पुन्हा पाणी घातलं. भोवती हिरवं गवत आणि मधे लाल मातीचा तुकडा.

माती आल्यापासूनचा सहावा दिवस. पाच वाजता त्यांनी महानंदाला मागच्या दाराशी आणलं आणि काही न बोलता झारी तिच्या हातात दिली.

ती पायरी उतरली.

रक्षितानं दारातच तोंडावर हात धरला. महानंदा गवतावरून सरळ मातीपाशी गेली. झारी कलती केली. पाणी एकसारखं पडलं, न थांबता, न साचता. मग ती खाली बसली, तळहात दाबला, उचलला, बघितला. ठसा उमटला होता, हात कोरडा होता. दोरी तिथंच ठेवली होती, तिनं ती ताणली. डबा घेतला. मनगट थरथरत होतं, तरी रेघ गेली ती सरळ गेली. कित्येक महिन्यांत अशी रेघ तिच्या हातून गेली नव्हती.

विश्वेश्वरराव हलक्या पावलांनी नारळाच्या बुंध्याशी गेले आणि लोखंडी खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. आता ती वळेल.

महानंदानं डबा खाली ठेवला, बॅट घेतली, मधल्या जागेवर उभी राहिली आणि वळली. तिनं खुर्चीकडं बघितलं. तिचा चेहरा एकदम कसनुसा झाला.

"तुम्ही उठा हो तिथून," ती हलकेच म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला दुखवू नये म्हणून बोलतात तसं. "ती स्कोररची खुर्ची आहे. तो आला की बसतो तिथं."

"महानंदा," ते म्हणाले. "सत्तावीस–चोवीस."

"तुम्हाला कसं ठाऊक? तो सांगतो ते. त्यालाच विचारायचं असतं."

विश्वेश्वरराव उठले. बुंध्याला धरून उभे राहिले. खुर्ची दोघांच्या मधे रिकामी होती. महानंदा बॅट धरून रेघेच्या आत उभी राहिली, कंपाउंडच्या फाटकाकडं बघत. तिच्या चेहऱ्यावर कुठलीही भीती नव्हती. ती अगदी निश्चिंत होती, ओळखीच्या माणसाची वाट बघतात तशी.

बराच वेळ गेला. माती सुकत आली. रक्षिता आत जाऊन दिवा लावून आली.

"आज उशीर झाला वाटतं त्याला," महानंदा त्यांच्याकडं बघून म्हणाली.

"हो," विश्वेश्वरराव म्हणाले. "खूप उशीर झाला."

"येईल," ती म्हणाली. "तुम्ही दमला असाल, आत जाऊन बसा. मी थांबते."